जुन्या मोटारीचे लटकलेले दार आणि अडकणारी काच: दोष कसा शोधावा, दुरुस्ती कोणत्या क्रमाने करावी

जुन्या मोटारीचे दार नीट लागेनासे झाले की बहुतेक ठिकाणी पहिला पाना स्ट्रायकरला लागतो. दारातले कुलूप ज्या तुकड्याला जाऊन पकडते तो दाराशेजारच्या बॉडीच्या खांबावरचा तुकडा सैल करायचा, थोडा खाली सरकवायचा, पुन्हा आवळायचा आणि दार लागले म्हणून काम संपले असे मानायचे, ही रीत सगळीकडे रुळलेली आहे. दार त्याने लागते हे खरे; पण ते लटकलेलेच राहते, बिजागरीची झीज चालूच राहते, आणि पुढच्या वेळी स्ट्रायकर सरकवायला जागाही उरत नाही. म्हणून या कामाचा क्रम नेमका उलटा ठेवावा असे माझे ठाम मत आहे: आधी बॉडीचा पत्रा आणि खांब, मग बिजागऱ्या, मग रबर, त्यानंतर स्ट्रायकर आणि सर्वांत शेवटी काच.

पुढील विवेचनात मुख्यतः कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर या दोन गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. ॲम्बेसेडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. कोरे दार किंवा कोरी बिजागरी दुकानात सहज मिळण्याचे दिवस आता गेले आहेत, त्यामुळे हाती असलेला भाग जपून दुरुस्त करण्याला पर्याय नाही. या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही; पत्र्याची बॉडी हीच त्यांची चासी आहे. दारांच्या खालून पुढून मागे जाणारी पोकळ पेटी, जिला आपल्याकडचे डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात, ती या बॉडीचा कणा असते. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात वर्षानुवर्षे पावसाळे काढलेल्या गाडीत ही पेटी आतून गंजलेली असेल, तर दाराचा दोष दारात नसून खालच्या पेटीत असू शकतो, आणि तिथे बिजागरीवर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

फटींवरून निदान

गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, चारही टायरांत हवा बरोबर असावी, गाडीत आणि डिकीत ओझे नसावे. सर्व दारे बंद करून प्रत्येक दाराभोवतीची फट वर, मध्ये आणि खाली अशी मोजावी. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. 3, 4, 5 आणि 6 मिलिमीटरची ड्रिलची बिटे घेऊन त्यांचा गुळगुळीत दांडा फटीत हलकेच सरकवून पाहिला की माप कळते. ते माप तिथल्या तिथे मास्किंग टेप लावून त्यावर लिहून ठेवावे, कारण एकदा बोल्ट सैल केले की मूळ स्थिती स्मरणातून सांगता येत नाही. साधारण 4 ते 6 मिलिमीटरची फट असावी, पण आकड्यापेक्षा तिचा एकसारखेपणा महत्त्वाचा आहे. या गाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हाही त्यांच्या फटी आजच्या गाड्यांइतक्या काटेकोर नव्हत्या, म्हणून अर्ध्या मिलिमीटरसाठी जिवाचा आटापिटा करू नये.

आता या मापांचा अर्थ लावायचा. पुढून बिजागरी असलेल्या दाराची वरची बिजागरी झिजली की दाराचा वरचा भाग मागे ओढला जातो. त्यामुळे बिजागरीच्या बाजूची फट वर रुंद होते, कुलुपाच्या बाजूची फट वर अरुंद होते, आणि दाराच्या अंगावरची उठावाची रेघ मागच्या टोकाला शेजारच्या दाराच्या रेघेपेक्षा खाली उतरते. बॉडी मधोमध बसली असेल तर चित्र थोडे वेगळे दिसते. कुलुपाच्या बाजूची फट वर अरुंद होतेच, पण बिजागरीच्या बाजूची फट मात्र वरपासून खालपर्यंत बऱ्यापैकी सारखी राहते, कारण दार, त्याचा खांब आणि मडगार्ड हे सगळे एकत्रच कललेले असतात. हा फरक ओळखता आला तर पुढचा बराच खर्च वाचतो. फट सगळीकडे ठीक आहे, पण दाराचा पृष्ठभाग वर बाहेर आणि खाली आत दिसतो, असे असेल तर दार पिळवटलेले आहे किंवा नवे रबर त्याला बाहेर ढकलत आहे.

नजरेने पाहून झाल्यावर हाताने तपासावे. दार अर्धे उघडावे, कुलुपाच्या टोकाला खालून दोन्ही हातांनी धरून हलके वर उचलावे आणि सोडावे. या वेळी दुसऱ्या माणसाने बिजागरीवर बोट ठेवलेले असावे. बिजागरीच्या दोन पात्यांमध्ये, म्हणजे पिनेपाशी, बोटाला हालचाल जाणवली तर पिन किंवा तिच्याभोवतीची छोटी नळी, म्हणजे बुश, झिजला आहे. पाते आणि खांब यांच्यामध्ये हालचाल जाणवली तर बोल्ट सैल आहेत. आणि बिजागरी घट्ट असूनही तिच्याभोवतीचा खांबाचा पत्राच आत-बाहेर होत असेल, रंगाला बारीक भेगा पडलेल्या दिसत असतील, तर तिथे पत्रा तडकला किंवा गंजला आहे आणि हे काम पान्याचे नसून वेल्डिंगचे आहे. टॅक्सी म्हणून चाललेल्या गाडीत ही तपासणी डाव्या मागच्या दारापासून सुरू करावी. प्रवासी फुटपाथच्या बाजूने चढतात-उतरतात, त्यामुळे ते दार सर्वांत जास्त वापरलेले असते. खासगी गाडीत बहुधा चालकाचे दार आधी जाते.

यानंतरची चाचणी सर्वांत बोलकी आहे. स्ट्रायकरच्या भोवती टोकदार सुईने किंवा पेन्सिलीने रेघ ओढून त्याची जागा नोंदवावी आणि तो पूर्ण काढून ठेवावा. आता दार हळूच बंद स्थितीत आणावे. स्ट्रायकरचा आधार नसल्यामुळे ते केवळ बिजागऱ्यांच्या भरवशावर उभे असते, आणि ते खरोखर कुठे लटकते आहे हे प्रथमच स्वच्छ दिसते. स्ट्रायकर असताना दार शेवटच्या इंचात वर उचलले जात असेल, तर इतके दिवस त्या बिचाऱ्या तुकड्यावर दाराचे वजन पेलण्याची जबाबदारी टाकलेली होती असे समजावे.

बॉडीबद्दल शंका असेल तर गाडी जॅकने, कारखान्याने नेमून दिलेल्या जागीच, चाक जेमतेम जमिनीवरून सुटेल इतकी उचलावी आणि त्या बाजूची फट पुन्हा मोजावी. गाडीखाली कोणीही जाऊ नये. निरोगी बॉडीत माप जवळपास बदलत नाही. ते ठळकपणे बदलले, किंवा दार उघडेनासे झाले, तर आधी पेटीचा पत्रा बदलून घ्यावा लागेल. पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक पेटीवरून आणि दाराच्या खालच्या कडेवरून फिरवले असता जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टीचा जाड थर आहे हेही कळते. पेटी बदलताना दारे जागेवर लावलेली असावीत आणि वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्यानंतर फट पाहावी, हा आग्रह डेंटरपाशी अवश्य धरावा. दारे काढून पेटी वेल्ड केली आणि बॉडी किंचित बसलेल्या स्थितीत पक्की झाली, तर ते नंतर सुधारत नाही. वेगळी चासी असलेल्या जुन्या डॉज किंवा शेव्हरोलेसारख्या गाड्यांत हेच दुखणे बॉडी आणि चासी यांच्यामधली रबरी पॅकिंग दबल्याने उद्भवते, आणि तिथे पॅकिंग बदलणे हाच पहिला उपाय असतो.

बिजागरीचे काम

चार दारांच्या गाडीत सुरुवात मागच्या दारापासून करावी. मागचे मडगार्ड बॉडीला वेल्ड केलेले असते, ते हलत नाही. म्हणून मागचे दार त्याला जुळवायचे, पुढचे दार मागच्या दाराला जुळवायचे, आणि पुढचे मडगार्ड बोल्टचे असेल तर ते शेवटी पुढच्या दाराला जुळवायचे. उलट दिशेने आले की सगळी चूक शेवटी अशा जागी येऊन साचते जिथे काहीच सरकवता येत नाही.

बोल्ट सैल करण्यापूर्वी बिजागरीच्या पात्याभोवती रेघ ओढावी. जुन्या गाड्यांत बिजागरीला बरेचदा मोठ्या डोक्याचे स्क्रू असतात आणि ते गंजून जाम झालेले असतात. त्यांच्यावर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे आणि हातोडीने ठोकून फिरणारा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर वापरावा. साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर केला की खाच मरते आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर उरत नाही. पद्मिनीला मिलिमीटरचे पाने लागतात, ॲम्बेसेडरला बहुतेक ठिकाणी इंची. जवळपास बसणारा पाना वापरून बोल्टचे कोपरे गोल करू नयेत. एका बिजागरीचे सगळे बोल्ट एकाच वेळी काढू नयेत, कारण खांबाच्या आत नट असलेली सुटी पट्टी असते आणि ती खांबात पडली तर बाहेर काढणे महाकठीण जाते.

दाराखाली जॅक, त्यावर लाकडी ठोकळा आणि त्यावर जाड कापड अशी रचना करून दाराचे वजन पेलावे. ॲम्बेसेडरचे दार जड आहे, तिथे दुसरा माणूस हवाच. बोल्ट इतकेच सैल करावेत की दार हलवायला थोडा जोर लागेल. पूर्ण सैल केलेले दार एकाच वेळी सगळ्या दिशांना सरकते आणि हिशेब राहत नाही. एका वेळी एकच बिजागरी आणि एकच दिशा, हा नियम पाळावा. पुढे-मागे आणि वर-खाली सरकण्याची जागा खांबाच्या बाजूला आहे की दाराच्या बाजूला, हे गाडीनुसार बदलते, त्यामुळे भोके कुठे लांबट आहेत ते प्रत्यक्ष पाहून ठरवावे.

भोकांत सरकायला जागा उरली नसेल, तर बिजागरी आणि खांब यांच्यामध्ये पातळ पत्र्याची पॅकिंग घालण्याचा मार्ग आहे. खालच्या बिजागरीमागे पॅकिंग घातली की दाराचा खालचा भाग मागे सरकतो आणि कुलुपाचे टोक वर उचलले जाते. वरच्या बिजागरीमागे घातली तर तेच टोक खाली उतरते. दोन बिजागऱ्यांत 40 सेंटिमीटरचे अंतर आणि दाराची लांबी 1 मीटर धरली, तर बिजागरीपाशी केलेला 1 मिलिमीटरचा फरक कुलुपापाशी अडीच मिलिमीटरचा होतो. म्हणून अर्धा मिलिमीटरच्या पत्र्याने सुरुवात करावी. झिजलेल्या पिनेचा दोषही असाच वाढून दिसतो. बोटाला जेमतेम जाणवणारी ढिलाई दाराच्या टोकाला स्पष्ट लटकलेपणा आणते.

पिन आणि बुश झिजले असतील तर पॅकिंगने दोष झाकण्यात अर्थ नाही. पिन पोकळ नळीच्या आधारावर ठोकून काढावी. कोणत्या बाजूने ठोकायचे ते तिच्या डोक्यावरून कळते. पिन निघाल्यावर भोक पाहावे. ते लंबगोल झाले असेल तर नुसती नवी पिन बसवून उपयोग नाही; लेथवाल्याकडे भोक रीमरने गोल करून घ्यावे आणि त्या मापाची किंचित जाड पिन किंवा पितळी बुश करून घ्यावा. पिन हाताने दाबून आत जाईल पण डगडगणार नाही, इतके माप हवे. बसवताना ग्रीस लावावे आणि पुढे दर पावसाळ्याआधी व नंतर तेलाचे दोन थेंब सोडावेत. कोरडी राहून जाम झालेली पिन झिजलेल्या पिनेपेक्षाही घातक ठरते, कारण मग दार उघडताना पिनेऐवजी खांबाचा पत्रा वाकतो आणि कालांतराने फाटतो. दार ठरावीक अंतरावर अडवणारा स्टॉपर मोडलेला असेल तर तोही याच वेळी दुरुस्त करावा. स्टॉपर नसलेले दार वाऱ्याने पूर्ण उघडून आपटते आणि नुकतीच जुळवलेली बिजागरी एका झटक्यात वाकवते.

बिजागरीच्या फटीत लाकूड किंवा चिंधी अडकवून दार दाबायचे आणि बिजागरी वाकवून फट जुळवायची, ही युक्ती काही कारागीर सर्रास करतात. पत्रा खणखणीत असेल आणि हात मुरलेला असेल तर ती चालते. खांबाला गंज असेल तर मात्र वाकते ती बिजागरी नव्हे, खांब. शंका असेल तिथे हा मार्ग घेऊ नये.

रबर, पिळवटलेले दार आणि स्ट्रायकर

नवे रबर बसवल्यावर दार लागत नाही अशी तक्रार फार वेळा येते आणि दोष बिजागरीवर ढकलला जातो. बाजारात मिळणारे पर्यायी रबर मूळ रबरापेक्षा पुष्कळदा जाड आणि कडक असते. खात्री करण्यासाठी रबराला खडू लावून दार बंद करून उघडावे. पत्र्यावर खडूचा पट्टा जिथे रुंद उमटतो तिथे रबर जास्त दाबले जाते, आणि जिथे उमटतच नाही तिथून पावसाचे पाणी आत येणार. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती किंचित अडखळत निघाली की दाब योग्य आहे. बिजागरीच्या बाजूला जाड रबर असेल तर ते दाराला पाचरीसारखे बाहेर रेटते, तिथे पातळ घेराचे रबर शोधणेच बरे. बाकी ठिकाणचे नवे रबर काही दिवसांत दबून बसते, तेवढा धीर धरावा.

दाराचा वरचा कोपरा बाहेर आणि खालचा कोपरा आत असेल, तर बाहेर राहणाऱ्या कोपऱ्याच्या विरुद्ध टोकाला, म्हणजे खालच्या कोपऱ्यापाशी, कापडात गुंडाळलेला लाकडी ठोकळा दार आणि खांब यांच्यामध्ये धरून वरचा कोपरा तळहाताने हळूहळू आत दाबावा. दार थोडे जास्त वाकवून सोडल्यावर ते थोडे परत येते, म्हणून प्रत्येक दाबानंतर थांबून पाहावे. दाराच्या खालच्या कडेला गंज असेल तर हे करू नये.

एवढे झाल्यावर स्ट्रायकर पुन्हा बसवावा. त्याची उंची दाराला उचलण्यासाठी किंवा दाबण्यासाठी नसून दार जिथे आपोआप येते तिथे त्याला फक्त पकडून ठेवण्यासाठी आहे. बोल्ट हलके आवळून दार हळू बंद करावे आणि बाजूने नजर ठेवावी; शेवटच्या इंचात दार वर-खाली मुळीच होता कामा नये. आत-बाहेरची जागा दाराचा पृष्ठभाग शेजारच्या पत्र्याशी समतल येईल अशी ठेवावी. कुलुपाने दोन टप्प्यांत पकड घेतली पाहिजे. पहिल्याच टप्प्यावर थांबणारे दार धक्क्याने उघडू शकते, त्यामुळे तसे दार घेऊन गाडी रस्त्यावर आणू नये.

काच

या गाड्यांत काच दाराच्याच चौकटीत सरकते, त्यामुळे दार नुसते लटकल्याने काच अडकत नाही. काच अडकत असेल तर कारण दाराच्या आत आहे किंवा दाराची चौकट वाकली आहे. चौकट धरून दार ओढून घेण्याची सवय अनेकांना असते आणि त्यानेच ती वाकते. दार नेहमी हँडलला धरून लावावे.

आत पाहण्यासाठी काच फिरवण्याचे हँडल, कुलुपाचे हँडल आणि हात टेकण्याची पट्टी काढून दाराचे आतले आवरण, म्हणजे डोअर पॅड, सोडवावा. हँडल कुठे स्क्रूने, कुठे पिनेने, तर कुठे तारेच्या क्लिपने धरलेले असते. जोराने ओढण्याआधी ते पाहून घ्यावे. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद न फाडता सोडवावा. काच फुटली तर कडेपासून फुटते, म्हणून हातमोजे आणि चष्मा वापरावा.

आता काचेखालची पट्टी काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेपासून, म्हणजे विंडो मशीनपासून, सोडवावी आणि काच दोन्ही हातांनी धरून वर-खाली सरकवून पाहावी. हाताने काच सहज सरकत असेल तर दोष मशीनमध्ये आहे. हातानेही ती जड जात असेल तर मशीन निर्दोष असून दोष चॅनेलमध्ये, म्हणजे काच ज्या खाचेतून सरकते तिच्यात, आहे. या एका चाचणीवाचून चांगली मशीन उगाच बदलली जातात.

चॅनेलमध्ये बहुधा फेल्ट, म्हणजे आतले लोकरी अस्तर, कडक होऊन आकसलेले असते किंवा त्यात धूळ आणि जुने ग्रीस मिळून घट्ट लगदा झालेला असतो. इथे ग्रीस कधीच लावू नये. चॅनेल ब्रशने साफ करून सिलिकॉनचा फवारा मारावा, आणि फेल्ट झिजले असेल तर बदलावे. पुढच्या दारात तिकोनी फिरती काच असलेल्या गाड्यांत तिच्यामागचा उभा दांडा हाच मोठ्या काचेचा पुढचा मार्ग असतो. या दांड्याचे खालचे टोक दाराच्या आत एका बोल्टने धरलेले असते. तो बोल्ट सैल होऊन टोक मागे सरकले की दोन चॅनेलमधले अंतर खाली कमी होते, आणि काच वर मोकळी पण खाली उतरताना जड होते. काच अर्धी खाली ठेवून बोल्ट सैल करावा, दांडा मागच्या चॅनेलला समांतर येऊ द्यावा, काच एकदा पूर्ण वर-खाली करून मगच आवळावा.

काच पुढे किंवा मागे झुकून वर येत असेल तर खालची पट्टी पाहावी. पट्टी आणि काच यांच्यामधले रबर वाळले की काच पट्टीत तिरकी सरकते किंवा पूर्ण सुटून दारात पडते. पट्टीतला गंज तारेच्या ब्रशने खरवडून, गंजरोधक रंग देऊन, नवे रबर साबणाच्या पाण्याने ओले करून काच रबरी हातोडीने हलकेच बसवावी. पट्टी काचेच्या मूळ खुणेवरच यायला हवी. मशीनमध्ये रोलर झिजणे, दात मोडणे किंवा तार असलेल्या मशीनमध्ये तार उलगडणे हे नेहमीचे दोष आहेत. मशीनची जोरदार स्प्रिंग ताणलेली असते, त्यामुळे ती सोडताना हात दात्यांच्या मार्गात ठेवू नये.

पॅड बंद करण्यापूर्वी दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडे पाणी दारात उतरणारच, तशीच ती रचना आहे. भोके चिखलाने किंवा गंजरोधक रंगाने बुजली की ते पाणी आत साचून दाराची खालची कड खाते. काचेवर तांब्याभर पाणी ओतून ते खालून निघते आहे याची खात्री करावी, प्लास्टिकचा कागद पूर्वीसारखा चिकटवावा आणि त्याचे खालचे टोक दाराच्या आत सोडावे, नाहीतर पाणी पॅडवर येते. काही आठवडे गाडी चालवल्यावर बिजागऱ्यांचे आणि स्ट्रायकरचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत आणि टेपवर लिहिलेल्या मापांशी फटी ताडून पाहाव्यात.